दोन पट पुरे

पहिली बावीसची.
बापाने दिली तेव्हा मी अकरा वर्षांची,
खुराड्यात खुळखुळे साप शिरायचे म्हणून.
तिच्या घोड्यावरचा निळा मुलामा
आधी त्याच्या अंगठ्याने खाल्ला, मग माझ्या.

पुढचं काही ठरवून झालं नाही.
एकतीस वर्षं टपाल वाटलं सॅमन नदीच्या काठाने,
आयडाहोत, जिथे दोन पेट्यांमध्ये चार-चार मैल.
कुणाचा तरी नवरा जायचा,
बाई फाटकात उभी राहायची, बुटांच्या खोक्यात काहीतरी घेऊन.
व्हर्ना, तू ने हे. तुला कळतं त्यातलं.
तशी आली बत्तीसची, मुठीत मावणारी,
नदीपलीकडच्या शिक्षिकेची, एकदाही न झाडलेली.
तशीच अडतीसची. तिच्यासाठी मी पैसे मोजले,
बाईने ते पाहिलेसुद्धा नाहीत.

नियम एकच: एका मापाची दुसरी घ्यायची नाही.

मापं सरळ खोटं बोलतात, हे हळूहळू समजलं.
अडतीस म्हणवते ती मोजली तर पस्तीसच्या जरा वर.
चव्वेचाळीस तर त्रेचाळीसलाही टेकत नाही.
आणि हाल्वरची तीनशे सत्तावन्न:
तिच्या घरात अडतीसचं काडतूस खुशाल राहतं,
अडतीसच्या घरात तिचं मात्र मावत नाही.
लग्नात आम्ही दोघं तसेच होतो.
कोण कोणाच्या घरात, ते सांगणार नाही.

या शरदात चव्वेचाळीसवर दुर्बीण बसवायची होती.
हरणाच्या मोसमाआधी.
पुढची माशी दिसली तर मागची खाच धूसर,
खाच दिसली तर हरीण धूसर.
फर्मिन उर्रुतियाने काउंटरवर दोन ठेवल्या,
एक दोन पट, एक चार पट.
मी चारचीच उचलली. पैसे देऊन कमी कोण बघतं?
तो म्हणाला, हातभर लांब धर,
डोळ्याला लावलीस तर भुवई फोडून घेशील.
मग चाक उघडून सहाही घरं रिकामी दाखवली
आणि मला मागच्या अंगणात नेलं.

वळणावर हॅमिल्टनांची टपालपेटी आहे, तांबडी.
वर्षानुवर्षं मी तिचं दार उघडलं, मिटलं.
चार पटीत ती उभीच राहीना.
डावीकडे सटकायची, परत यायची, पुन्हा सटकायची,
जाळ्यात सापडलेल्या माशासारखी.
वारा आहे, मी म्हणाले.
बँकेवरचा झेंडा पोतेऱ्यासारखा लोंबत होता.

फर्मिनने न बोलता दुसरी चढवली.
पेटी लहान झाली, आणि बरीचशी शांत.
थरथर सगळ्यांचीच असते, तो म्हणाला.
चार पट ती दाखवते. दोन पट झाकते.
पण हे बोलताना तो दुर्बिणीकडे नाही,
माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघत होता.
त्याचा बाप मेंढपाळ. शेवटी शेवटी
चमच्यातली घेवड्याची उसळ तोंडापर्यंत पोचायची नाही.
हे त्याने तेव्हा सांगितलं नाही. मला आधीच ठाऊक होतं,
त्यांचंही टपाल मीच वाटायचे.

कधीपासून, एवढंच विचारलं.
मला नाताळची कार्डं आठवली:
पहिल्या ओळीत माझं अक्षर,
शेवटच्या ओळीत मुंगीचं.
मी पेनला शिव्या देऊन नवं पेन आणलं होतं.

दोन पटीची घेतली.
स्क्रू त्याने आवळले, मी बघत राहिले.

खणात हिरवं फेल्ट आहे,
त्यात पंचेचाळीसची जागा मार्चमध्येच कापून ठेवलीय.
बोईसीहून मुलगा विचारतो, आई, आता पुरे ना?
मी म्हणते, एक राहिलीय.

गुरुवारी मिसूलाला जायचंय, डॉक्टरकडे.
तो चार पट बघेल, त्याचं कामच ते.
अजून सहा दिवस आहेत.
संध्याकाळी ओट्यावर बसते, चाक उघडून पुन्हा खात्री करते,
आणि हात लांब करून
बघते, कुंपणावर बसलेला नीलपक्षी
किती कमी हलतोय.